देवळाली, लॉस एंजेलिस आणि १९४९

मनमाडहून मुंबईकडे निघालेली गाडी लासलगाव, निफाड, नाशिकरोड मागे टाकून देवळालीला येते. छावणीच्या या गावात १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे मास्तर शाळेत शिकवत होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातली जागा नाही. १९४९ साली मद्रासला भरलेल्या गणित परिषदेत त्यांनी चार अंकी संख्यांचा एक विलक्षण गुणधर्म मांडला. त्याच वर्षी जूनच्या अखेरीला अमेरिकेत लॉस एंजेलिसला दुसरी एक परिषद भरली. तिथे जॉन फॉन नॉयमन या त्या काळच्या अग्रगण्य गणितज्ञाने यंत्राकडून यादृच्छिक संख्या कशा काढायच्या, म्हणजे पुढचा आकडा कोणता येणार याचा सुगावा लागू नये अशा संख्या कशा मिळवायच्या, यावर विवेचन केलं. आजच्या कोणत्याही प्रोग्रॅमिंग भाषेत ‘रँडम’ हा शब्द लिहिला की जे घडतं, त्याची सुरुवात त्या उन्हाळ्यातल्या चर्चेत आहे.

दोघांची दुनिया वेगळी होती. सगळ्या संख्या शेवटी येऊन पोचतात ती जागा कापरेकरांना सापडली होती. संख्यांनी कुठेच येऊन थांबू नये ही फॉन नॉयमन यांची गरज होती. पण मुळातला प्रश्न एकच होता: अंकांना एकच ठरलेला नियम पुन्हापुन्हा लावत गेलं, तर शेवटी काय होतं? त्या प्रश्नाची नाडी देवळालीच्या मास्तरांना अचूक कळली होती, आणि तरीही आपल्याकडे त्यांचं काम अनेक वर्षं अंकांचा पोरखेळ म्हणून बाजूला सारलं गेलं. म्हणून ही हकिगत दोन्ही टोकांकडून सांगायला हवी.

शिवारातला आकडा

यादृच्छिक संख्या लागतात कशाला, याचं उत्तर मनमाडच्या आसपासच्या शिवारातच आहे. मनमाडचा नांदगाव तालुका पावसाच्या भरवशावरचा. बाजरी, मका, कापूस, कांदा ही इथली पिकं. हंगाम कसा गेला, एकरी उतारा किती पडला, विम्याची भरपाई द्यायची की नाही, हे ठरवण्यासाठी पीक कापणी प्रयोग होतात. सगळी शेतं कापून मोजता येत नाहीत. मग मोजकी निवडायची. निवडायची कोणती? कर्मचाऱ्याच्या मर्जीवर सोडलं तर रस्त्याकडेचं, पोचायला सोपं शेत निवडलं जाईल. शेतकऱ्याला विचारलं तर तो जळालेला कोपरा दाखवेल. दोघेही प्रामाणिक असले तरी आकडा झुकणारच. म्हणून शेत यादृच्छिक संख्येने निवडायचं. शेतात गेल्यावर नैऋत्य कोपऱ्यापासून लांबीला किती पावलं आणि रुंदीला किती पावलं जायचं, तेही तशाच संख्येने ठरवायचं. तिथे दोरी लावून चौकोन आखायचा, तेवढंच पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं. मर्जीला वाव राहू नये म्हणून ही सारी खबरदारी.

भारतात या पद्धतीची मुळं जुनी आहेत. १९२३ ते १९२५ या काळात जे. ए. हबॅक या सनदी अधिकाऱ्याने बिहार-ओरिसात भाताच्या उताऱ्यासाठी यादृच्छिक नमुने घेतले. पुढे बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी तागाच्या पिकावर मोठी नमुना पाहणी उभारली. आणि या क्षेत्रात ज्यांचं नाव अग्रभागी घ्यावं लागतं ते पांडुरंग वासुदेव सुखात्मे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. जन्म १९११चा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून १९३२ साली पदवी घेऊन ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले, संख्याशास्त्रात डॉक्टरेट मिळवून परतले आणि १९४०पासून कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले. नेहमीच्या महसुली आणि शेती खात्याच्या माणसांकडूनच, पण काटेकोर यादृच्छिक निवड करून, पिकाचा अंदाज काढता येतो हे त्यांनी व्ही. जी. पानसे यांच्या साथीने दाखवून दिलं. तुकडा फार लहान घेतला तर कापणारा कडेची रोपं नकळत आत ओढतो आणि उतारा फुगतो, हेही सुखात्मे यांनी गव्हाच्या शेतात मोजून सिद्ध केलं. दोन फूट त्रिज्येच्या छोट्या वर्तुळात ही फुगवट चाळीस टक्क्यांहून जास्त निघाली होती.

त्या काळी या संख्या छापील तक्त्यातून घेत. पहिला तक्ता एल. एच. सी. टिपेट या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने १९२७ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केला. जनगणनेच्या अहवालांतल्या आकड्यांमधून उचललेले ४१,६०० अंक त्यात होते. पान उघडायचं, एका जागी बोट ठेवायचं आणि तिथून पुढे वाचत जायचं. शेतं निवडण्यासाठी एवढं पुरेसं होतं. यंत्रांचं युग सुरू झालं तसं ते पुरेनासं झालं.

यंत्राची भूक

१९४६ साली स्टॅनिस्लाव उलाम हे गणितज्ञ आजारातून बरे होत असताना पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव मांडत बसत. डाव सुटण्याची शक्यता किती, हे सूत्राने काढणं अवघड होतं. शंभर डाव खेळून किती सुटले ते मोजणं सोपं होतं. अणूच्या गाभ्यातून सुटलेल्या न्यूट्रॉनचं पुढे काय होतं, हा प्रश्नही असाच सोडवता येईल हे त्यांच्या आणि फॉन नॉयमन यांच्या ध्यानात आलं. न्यूट्रॉन आदळेल, वळेल की शोषला जाईल, हे प्रत्येक वेळी यादृच्छिक संख्येने ठरवायचं आणि हजारो न्यूट्रॉनांचं आयुष्य यंत्रावर खेळून पाहायचं. या रीतीला माँटे कार्लो हे नाव मिळालं. १९४८ साली एनिॲक या यंत्रावर अशी पहिली मोठी आकडेमोड झाली.

अडचण आकड्यांची होती. एनिॲकच्या वीस संचायकांत प्रत्येकी दहा अंकांची एकेक संख्या मावे. लाखो अंकांचा तक्ता ठेवायला त्यात जागाच नव्हती. कार्डांवर भोकं पाडून तक्ता भरवायचा, तर कार्ड वाचण्यातच यंत्राचा सारा वेळ जाई. कॅलिफोर्नियातल्या रँड या संस्थेने १९४७पासून विजेवर चालणारं चक्र बसवून दहा लाख अंक गोळा केले आणि १९५५ साली त्यांचं जाडजूड पुस्तक छापलं. तो तक्ता उत्तम होता, पण यंत्राच्या पोटात जाणारा नव्हता. यंत्राला हवा तेव्हा, जागच्या जागी, हिशेबाने आकडा काढता आला पाहिजे होता.

फॉन नॉयमन यांनी सुचवलेली रीत पाचवीतल्या मुलालाही समजेल अशी होती. एक संख्या घ्या, तिचा वर्ग करा, वर्गाच्या मधले अंक उचला. ती झाली पुढची संख्या. तिचा पुन्हा वर्ग करा. हीच मध्यवर्गाची रीत. एनिॲकवर ते जास्त अंकी संख्या वापरत. आपण चार अंकी घेऊ आणि सुरुवात त्याच सालापासून करू.

१९४९चा वर्ग ३७,९८,६०१. आठ अंक व्हावेत म्हणून पुढे शून्य लावलं की ०३७९८६०१, मधले चार अंक ७९८६. त्याचा वर्ग ६,३७,७६,१९६, मधले चार ७७६१. पुढे याच क्रमाने २३३१, ४३३५, ७९२२, ७५८०, ४५६४ येतात. इथवर आकडे खरोखरच दिशाहीन दिसतात. मग ८३०० येतो. मग ८९००. मग २१००. शेवटी दोन शून्यं आली की ती जात नाहीत. २१००पासून ४१००, त्यातून ८१००, त्यातून ६१००, आणि ६१००चा वर्ग ३,७२,१०,००० म्हणजे पुन्हा २१००. यापुढे यंत्र कितीही वेळ चालू ठेवलं तरी हेच चार आकडे फिरत राहतात. दहाव्या पायरीला यदृच्छा संपली.

हे आपल्या १९४९चंच दुर्दैव नव्हतं. जॉर्ज फोरसाइथ यांनी चार अंकी सोळा संख्यांवर ही रीत तपासली. त्यांतल्या बारा याच २१००-४१००-८१००-६१००च्या फेऱ्यात अडकल्या आणि दोन थेट शून्यावर आल्या. ३७९२ ही संख्या तर जागची हलतच नाही. तिचा वर्ग १,४३,७९,२६४, आणि मधले चार अंक पुन्हा ३७९२. फॉन नॉयमन यांना ही उणीव पुरती ठाऊक होती. अंकगणिताने यदृच्छा निर्माण करू पाहणारा पापाचा धनी होतो, असं त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे. त्यांचं म्हणणं इतकंच होतं की रीत वेगवान आहे, आणि ती बिघडते तेव्हा उघड बिघडते, त्यामुळे लक्ष ठेवता येतं.

मास्तरांची वजाबाकी

आता देवळालीला येऊ. कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ला डहाणूत झाला. वडील कारकून. त्यांना ज्योतिषाचा नाद होता आणि त्यासाठी लागणाऱ्या आकडेमोडीची गोडी त्यांनी मुलाला लावली. ठाण्याला शाळा झाली, फर्ग्युसनला कॉलेज. विद्यार्थी असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं. १९२९ला मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. आणि लगेच पुढच्या वर्षी देवळालीची शाळा. आयुष्यभराचं संशोधन त्यांनी त्या शाळामास्तरकीतच केलं. १, १२१, १२३२१ या घराण्यातल्या संख्यांना त्यांनी ‘डेम्लो संख्या’ म्हटलं, कारण त्यांची कल्पना सुचली ती जी.आय.पी. रेल्वेवरच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्टेशनात. मनमाडवरून जाणारी रेल्वेही तीच.

मद्रासला मांडलेला त्यांचा गुणधर्म असा. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. पुन्हा १९४९च घेऊ. ९९४१ वजा १४९९, उत्तर ८४४२. पुढे ८४४२ वजा २४४८, उत्तर ५९९४. मग ५३५५, मग १९९८, मग ८०८२, मग ८५३२, आणि सातव्या पायरीला ६१७४. आता ७६४१ वजा १४६७ करून पाहा. उत्तर ६१७४च. इथून पुढे वाट नाही. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच पोचाल. १९४९ला पुरत्या सात लागल्या. ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या न्यूयॉर्कच्या नियतकालिकात त्याच १९४९ साली यावरचा त्यांचा लेख आला. त्याच्या शीर्षकातही एकट्याने खेळायच्या डावाचाच उल्लेख आहे. उलाम यांना ज्या डावातून माँटे कार्लो सुचलं, तोच शब्द देवळालीहून निघालेल्या लेखावर असावा हा योगायोग आहे, पण तो मनाला भिडल्याशिवाय राहत नाही.

असं का होतं, याचं उत्तर एका वजाबाकीत आहे. अंक उतरत्या क्रमाने लावले की उत्तर दोनच गोष्टींवर ठरतं: पहिल्या आणि शेवटच्या अंकातला फरक, आणि मधल्या दोन अंकांतला फरक. पहिल्याला ९९९ने गुणा, दुसऱ्याला ९०ने, बेरीज करा. १९४९मध्ये पहिला फरक ८ आणि दुसरा ५. ७९९२ अधिक ४५० म्हणजे ८४४२. बाकी सगळी माहिती पहिल्याच पायरीला गळून जाते. ९४९१ घेतली काय, ४१९९ घेतली काय किंवा अंकच वेगळे असलेली ८८३० घेतली काय, उत्तर ८४४२च. फरकांच्या अशा जोड्या होतात अवघ्या ५४. म्हणजे हजारो संख्या पहिल्या पावलातच ५४ जागी गोळा होतात, आणि पुढच्या सहा पावलांत एका जागी.

गोळा होण्याची ही क्रिया कापरेकरांना किती खोलवर कळली होती, हे त्यांच्या दुसऱ्या एका शोधावरून दिसतं. संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवायची आणि नवी संख्या काढायची, असा नियम त्यांनी घेतला. १९४९मध्ये २३ मिळवले की १९७२. या नियमाने काही संख्या कधीच तयार होत नाहीत. २०, ३१, ४२, ५३ या तशा. त्यांना जन्म देणारी संख्याच नाही, म्हणून त्या स्वयंभू. कापरेकरांनी त्यांना देवळालीचंही नाव दिलं. उलट काही संख्यांना दोन दोन जनक असतात. ९१ अधिक १० म्हणजे १०१, आणि १०० अधिक १ म्हणजेही १०१. अशा संख्यांना त्यांनी जंक्शन संख्या म्हटलं. मनमाडला दौंडकडून आणि छत्रपती संभाजीनगरकडून येणारे रूळ मुख्य मार्गाला मिळतात. मिळाल्यानंतर नुसत्या रुळाकडे पाहून गाडी कुठून आली ते सांगता येत नाही. संख्यांच्या बाबतीतही तेच. १०१वर उभं राहिलं की आपण ९१वरून आलो की १००वरून, हे कळायला मार्ग उरत नाही.

मघाच्या साखळीतली २१०० आठवा. तिच्यावर ८९००वरूनही येता येतं आणि ६१००वरूनही. मध्यवर्गाच्या रीतीतलं ते जंक्शन, आणि तिथेच फेरा सुरू झाला. दोन वाटा जिथे मिळतात तिथे माहिती नाहीशी होते. माहिती नाहीशी होत गेली की वाटा कमी होत जातात. वाटा कमी झाल्या की फेरा आखूड होतो. यादृच्छिक संख्या काढणाऱ्या यंत्राचा हा मूळ आजार. कापरेकर त्या आजारावर इलाज शोधत नव्हते. संगणकाशी त्यांचा काही संबंधही नव्हता. पण ठरलेल्या नियमाखाली संख्या कुठे मिळतात, कुठे अडकतात आणि कुठे कधीच पोचत नाहीत, हे तीनही प्रश्न त्यांनी कागद-पेन्सिलीने स्वतंत्रपणे विचारले आणि तिन्हींची ठोस उत्तरं दिली.

वाटा मिळू न देणारा गुणाकार

उपाय त्याच वर्षी निघाला. सप्टेंबर १९४९मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या परिषदेत डी. एच. लेहमर यांनी वेगळी रीत मांडली. तेही मुळात अंकांवर जीव असलेले, मूळसंख्यांच्या मागे लागलेले गणितज्ञ. हातातल्या संख्येला २३ने गुणायचं, गुणाकाराला १०,००,००,००१ने भागायचं आणि बाकी ठेवायची. ती पुढची संख्या. गुणक आणि भाजक यांना सामाईक अवयव नसल्यामुळे दोन वेगळ्या संख्यांवरून एकाच बाकीवर येणं शक्य नाही. इथे जंक्शनच होत नाही. प्रत्येक संख्येला नेमका एकच जनक आणि नेमकी एकच संतती. बीज, म्हणजे सुरुवातीची संख्या, नीट निवडलं तर फेरा ५८,८२,३५२ पायऱ्यांनी पुरा होतो. मध्यवर्गाच्या दहा पायऱ्यांपुढे हे अंतर केवढं मोठं!

फेरा लांब असणं पुरेसं नाही, हा धडा पुढच्या दोन दशकांत मिळाला. आय.बी.एम.च्या यंत्रांबरोबर रँडू नावाची कार्यपद्धती जगभर पसरली. ती ६५,५३९ने गुणून २च्या ३१व्या घाताने भागून बाकी ठेवत असे. १९६८ साली जॉर्ज मार्सालिया यांनी दाखवून दिलं की अशा गुणाकारातून आलेल्या संख्या तिनाच्या गटाने अवकाशात मांडल्या की त्या मोजक्या पातळ्यांवर ओळीने बसतात. रँडूच्या बाबतीत तर अशा पातळ्या अवघ्या पंधरा. प्रत्येक संख्या ही आधीच्या संख्येच्या सहापटीतून त्याआधीच्या संख्येची नऊपट वजा करून त्याच भाजकाने भागल्यावर उरणारी बाकी असते, हे कागदावर दोन ओळींत सिद्ध होतं. तोवर कितीतरी संशोधकांनी त्या आकड्यांवर आपले निष्कर्ष बेतले होते.

१९९७ साली जपानच्या माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा यांनी मर्सेन ट्विस्टर तयार केलं. त्याच्या फेऱ्याची लांबी २च्या १९,९३७व्या घातापेक्षा एकाने कमी, म्हणजे लिहून काढली तर ६,००२ अंकी. पायथन भाषा २००३पासून हीच रीत वापरते. आज नाशिकच्या किंवा मनमाडच्या कॉलेजात बसून एखाद्या मुलीने पायथनमध्ये रँडम मागितला, तर तिला मिळणारा आकडा या फेऱ्यातला असतो. तरीही तो पुरता ठरलेला असतो. सलग ६२४ आकडे कुणी टिपून घेतले तर त्याला पुढचे सगळे सांगता येतात. म्हणून परवलीचा शब्द किंवा बँकेचा ओटीपी यासाठी ही रीत चालत नाही. त्याकरता पायथनमध्ये २०१६पासून वेगळं मॉड्युल आहे.

उरला प्रश्न बीजाचा. तेच बीज पेरलं की तीच मालिका उगवते. गो भाषेत २०२३च्या फेब्रुवारीपर्यंत प्रोग्रॅममध्ये बीज दिलं नाही, तर प्रत्येक वेळी तेच ते आकडे येत. नवशिके चक्रावून जात. १.२० या आवृत्तीपासून भाषा स्वतःच वेगळं बीज घेऊ लागली, आणि पुढच्या वर्षीच्या १.२२ आवृत्तीत मूळ रीत बदलून गुप्तलेखनातल्या चाचा नावाच्या रीतीवर आधारलेली, अंदाज बांधता न येणारी रीत आली. बीज मात्र कोणत्याही भाषेला हिशेबातून मिळत नाही. ते बाहेरून आणावं लागतं. कळ दाबण्याच्या वेळांतला सूक्ष्म फरक, नेटवर्कवरून संदेश येण्याचे क्षण, प्रोसेसरमधला विजेचा गोंगाट, यांतून ऑपरेटिंग सिस्टिम ते गोळा करते. फॉन नॉयमन यांना जे ठाऊक होतं तेच इथे पुन्हा सिद्ध होतं: नियमाने यदृच्छा तयार होत नाही, बाहेरून आणलेली यदृच्छा नियम फक्त ताणून लांबवतो.

आपला संबंध

सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत तहसील पातळीवर निघते, तेव्हा बहुधा शाळकरी मुलाच्या हातून चिठ्ठी काढतात. बरणी सगळ्यांना दिसते, हात सगळ्यांना दिसतो, म्हणून निकाल मान्य होतो. म्हाडाच्या घरांची सोडत आणि आरटीईखालचे शाळाप्रवेश आता संगणकावर ठरतात. पीक कापणीची माहितीही मोबाइल ॲपवर भरली जाते. कामाचा वेग वाढला, हे चांगलं झालं. पण संगणकातली बरणी कुणाला दिसत नाही. नांदगावच्या बाजरी उत्पादकाची भरपाई असो की मजुराच्या मुलीचा शाळाप्रवेश, तो आकडा कोणत्या रीतीने आला आणि बीज कुठून घेतलं, हे जाहीर करणं सरकारचं कर्तव्य आहे. बीज सगळ्यांसमोर ठरवलं आणि रीत उघड ठेवली, तर तीच सोडत कुणालाही आपल्या संगणकावर पुन्हा चालवून पडताळता येते. चिठ्ठीच्या बरणीत ही सोय नव्हती. सुखात्मे यांनी शेतातल्या निवडीतून माणसाची मर्जी बाहेर काढली. ती संगणकाच्या आडून परत आत शिरू नये, एवढं आपण पाहायला हवं.

कापरेकरांना मान मिळाला तो उशिरा आणि परक्या देशातून. भारतातल्या अनेक गणितज्ञांना त्यांचं काम क्षुल्लक वाटे. कितीतरी लेखन त्यांना देवळालीत खासगी पुस्तिका छापून प्रसिद्ध करावं लागलं. मार्च १९७५मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं आणि ६१७४ जगभर पोचली. १९८६ साली देवळालीतच त्यांचं निधन झालं. जंक्शन संख्यांबद्दल त्यांनी काढलेला एक अंदाज असा होता: चार जनक असणारी सर्वांत लहान संख्या १०च्या २४व्या घाताहून १०२ने मोठी. हा अंदाज बरोबर असल्याची सिद्धता २०२१ साली नील स्लोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांच्या निबंधात आली. मास्तर गेल्याला तेव्हा पस्तीस वर्षं झाली होती.

नाशिक जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत आठवी-नववीच्या वर्गाला एक तास यासाठी द्यावा असं मला कळकळीने वाटतं. फळ्याच्या एका बाजूला १९४९ लिहून कापरेकरांची वजाबाकी करावी, दुसऱ्या बाजूला १९४९चाच वर्ग करून मधले अंक उचलत जावं. सात ओळींत ६१७४ येते, दहा ओळींत २१००चा फेरा लागतो. संगणक लागत नाही, खडू पुरतो. तेवढ्या एका तासात मुलांना दोन गोष्टी हाताने कळतील. ठरलेला नियम अंकांना हळूहळू एका ठिकाणी आणतो, आणि ते टाळायचं असेल तर वाटा एकमेकींना मिळू देता कामा नये. यादृच्छिक संख्यांचं निम्मं शास्त्र एवढ्यात येतं. त्यातलं पहिलं वाक्य आपल्याच जिल्ह्यातल्या एका शाळेच्या मास्तरांनी जगाला शिकवलं आहे. ते त्यांच्या नावानिशी मुलांना शिकवणं हेच त्यांचं खरं स्मारक होईल.